पाहिलं नाही ते लिहायचं नाही

आमची टीम वाईट होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी विजयाची वाट पाहत बसणार नाही. मिशिगनमधल्या ज्या गावाची ती टीम, तिथला कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. ॲन आर्बरहून, म्हणजे माझ्या युनिव्हर्सिटीच्या गावाहून, पाऊण तास ड्राइव्ह करून गेलं की आधी कारखान्याची रिकामी पार्किंगं लागायची, त्यांत गुडघाभर गवत. मग एक बंद मॉल. मग हिरव्या पत्र्याच्या छपराचं छोटं स्टेडियम. टीव्हीवर दिसतं त्या बेसबॉलच्या कितीतरी पायऱ्या खाली खेळणारी ही टीम. वरच्या टीमसाठी खेळाडू तयार करून देणं एवढंच तिचं काम. एखादा खेळाडू जूनमध्ये नीट खेळायला लागला की जुलैत त्याला वरून फोन यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी कुणीतरी नवखा उभा असायचा.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी भडकले होते.

"म्हणजे टाळ्या आपण वाजवायच्या, थंडीत आपण कुडकुडायचं, आणि माणूस तयार झाला की मालकानं उचलून न्यायचा?"

"मला नागपूरहून असंच उचललं होतं," काका म्हणाले. "तेव्हा कुठे होती तू, कॉम्रेडबाई?"

काका म्हणजे माझे कुणी नव्हेत. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत कुणीतरी विचारलं, एका काकांना शनिवारी घरी येऊन पत्रं वाचून दाखवायला कुणी स्टुडंट मोकळा आहे का. मी नुकतीच पीएचडीला आले होते, ओळखी नव्हत्या, मी हात वर केला. काकांनी चाळीस वर्षं मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून काढली होती. काकू गेल्या होत्या. मुलगा दूर दक्षिणेत, प्लेनोला, मोठ्या घरात. आणि काकांच्या डोळ्यांना असा आजार झाला होता की नजरेच्या मधोमध धुकं धरायचं आणि कडा तेवढ्या शाबूत राहायच्या. समोरच्या माणसाचं तोंड पाहायचं तर ते त्याच्या कानाकडे पाहत. अक्षर तर मधोमधच पाहावं लागतं, त्यामुळे वाचन आधी गेलं. मग लायसन्स गेलं. बेसबॉल राहिला, कारण मैदान मोठं असतं आणि कडेनं पाहता येतं. पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, पाहायचं असेल तेव्हा काका स्कोअरबोर्डकडे बघत बसायचे. अनोळखी माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचं लक्षच नाही.

पहिल्या शनिवारी मी लाइट बिल, बँकेची पत्रं आणि औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. दुसऱ्या शनिवारी त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "आज वाचायचं काही नाही. आज मॅच आहे."

तीन सीझन आम्ही गेलो. शनिवार, रविवार, घरच्या मैदानावरची एकही दुपारची मॅच चुकवली नाही. एप्रिलमध्ये ब्लँकेट पांघरून बसलो, ऑगस्टमध्ये ओला रुमाल डोक्यावर ठेवून. सलग नऊ मॅच हरलेल्या पाहिल्या. दहाव्या मॅचच्या दिवशी, हवामान खराब आहे, जाऊ नका, म्हणून प्लेनोहून मुलाचा फोन आला तर काका म्हणाले, "टीम येणार आहे ना? मग आम्हीही येणार." मी ज्या घरातून आले तिथं खेळ म्हणजे लोकांना गुंगवून ठेवायचं साधन मानत. क्रिकेट वर्ल्ड कपच्या दिवशी वडील मुद्दाम सभा लावायचे. आणि इथं मी, रीसर्च सोडून, अनोळखी गावच्या हरणाऱ्या नऊ-दहा माणसांसाठी घसा बसेपर्यंत ओरडत होते. कोण जखमी आहे, कोणाची आई या आठवड्यात मॅचला आली आहे, हे मला माझ्या गाइडच्या डेडलाइनपेक्षा जास्त ठाऊक असायचं. याची मला लाज वाटत नव्हती. हरणाऱ्यांच्या बाजूनं उभं राहायचं, हे तरी मला घरून शिकवलेलं होतं.

काकांची एक वही होती. बेसबॉलचे जुने प्रेक्षक ठेवतात तशी स्कोअरची वही. प्रत्येक मॅचला दोन पानं, प्रत्येक बॅटरला एक चौकट. बॅटरचे तीन चेंडू, म्हणजे तीन स्ट्राइक, हुकले आणि तो बाद झाला की चौकटीत इंग्रजी के काढायचा. बॅट फिरवून बाद झाला तर सरळ के. बॅट खांद्यावर तशीच ठेवून, समोरून जाणाऱ्या चेंडूकडे नुसता बघत बाद झाला तर उलटा के. अशा कित्येक वह्या, पहिल्या वह्यांत काकूंचं अक्षर, मग काकांचं, मग माझं. त्यांना चौकट दिसेनाशी झाली तेव्हापासून ते सांगायचे आणि मी लिहायचे. पण एक नियम होता, तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावला. पाहिलं नाही ते लिहायचं नाही. एकदा मी पॉपकॉर्न आणायला गेले असताना त्यांची नजर चुकली आणि एक बॅटर निसटला. मी फोनवर बघून भरते म्हटलं तर वही ओढून घेतली. "फोनला दिसलं असेल. आपल्याला दिसलं का?" ती चौकट अजून रिकामी आहे.

त्या टीममध्ये एक कॅचर होता, बॅटरच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. तिशी उलटलेला, जाडसर, गुडघे गेलेला. सात वर्षं तो याच टीममध्ये होता. वरून त्याला फोन आला नाही. नवे पिचर यायचे, तो त्यांना शिकवायचा, ते वर जायचे, हा खालीच. काका त्याला "आपला माणूस" म्हणत. तो बॅटिंगला आला की ते जागेवर ताठ व्हायचे आणि स्कोअरबोर्डकडे टक लावून त्याला पाहायचे.

तिसऱ्या सीझनच्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की दुसरा डोळाही आता चालला आहे. हिवाळ्यापर्यंत कडाही धूसर होतील. मुलानं ठरवलं, नोव्हेंबरमध्ये बाबांना प्लेनोला न्यायचं. त्याच आठवड्यात आपला माणूस रिटायर होणार असल्याचं जाहीर झालं. घरची शेवटची मॅच त्याची शेवटची.

"दोघांचीही एकदमच," काका म्हणाले. "त्याचे गुडघे, माझे डोळे." आणि मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे बघत: "एवढी एक नीट पाहायची. मग डोळे गेले तरी चालतील."

आता मला घरची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी इचलकरंजीची. वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनचे पूर्णवेळ कार्यकर्ते. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. गुलाबी, पिवळा, पातळ कागद. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. शाळेत बाई "कमळ" गिरवायला सांगत होत्या तेव्हा मला "बेमुदत" वाचता येत होतं. आठवड्यातून दोनदा घरातली सगळी माणसं जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायची. पाळी सुटायच्या वेळी मी आईबरोबर कारखान्याच्या गेटवर ती वाटायचे. आणि ही पत्रकं एकाच बाजूला छापलेली असत. कागद इतका पातळ की शाई आरपार दिसायची, मागे छापून उपयोगच नव्हता. मागची बाजू माझी. उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी दहावीपर्यंतची गणितं सोडवली.

संपाच्या वेळी गेटमधून आत जाणारा माणूस कसा असतो, हे मी लहानपणी पाहिलं आहे. मान खाली, डबा छातीशी. आई त्यांच्याशी पुन्हा बोलायची नाही. एका शेजारणीशी ती अकरा वर्षं बोलली नाही. मी ॲन आर्बरला आल्यावर दुसऱ्याच वर्षी आमच्या, म्हणजे शिकवण्याचं काम करणाऱ्या स्टुडंट्सच्या, युनियनचा संप झाला, तेव्हा बर्फात फलक घेऊन उभी असलेली पहिली देशी मुलगी मी होते. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. त्या रविवारी गेटवर मला विचार करावासा का वाटला नाही, ते कळावं म्हणून सांगते.

सप्टेंबरातला स्वच्छ, ऊन असलेला रविवार. मॅच एकची. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वही मांडीवर, दोन पेन्सिली टोक करून खिशात. गाडी लावून आम्ही मोठ्या गेटकडे वळलो आणि मला फलक दिसले. स्टेडियममध्ये खाण्यापिण्याचे स्टॉल चालवणाऱ्या कंत्राटदाराकडचे कामगार संपावर गेले होते. हॉट डॉग भाजणारे, बिअर देणारे, सीटमागून सीट शेंगदाणे विकत फिरणारे. सगळे ओळखीचे चेहरे, ॲप्रनऐवजी लाल टी-शर्ट घालून गोल फिरत होते.

माझ्या छातीत एकदम काहीतरी लख्ख झालं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. घर भेटल्यासारखं.

एका पोरीनं माझ्या हातात पत्रक दिलं. जाड, गुळगुळीत पांढरा कागद.

"काय लिहिलंय?" काकांनी विचारलं.

मी तिथंच उभं राहून त्यांना मराठीत वाचून दाखवलं. आम्ही आजपासून संपावर आहोत. आमच्यातले बरेचजण दहा-दहा वर्षं इथं राबतात, तरी दर हिवाळ्यात आम्हाला काढून टाकतात आणि वसंतात नव्याने घेतात. आम्हाला आजारपणाची रजा नाही. आम्हाला साथ द्या.

"बरोबर आहे त्यांचं," काका म्हणाले. "मग, आत जायचं नाही?"

"नाही, काका."

"असं लिहिलंय?"

"असं लिहायची गरज नसते," मी म्हणाले.

आतून लाउडस्पीकरवर खेळाडूंची नावं घ्यायला सुरुवात झाली होती. लोक आमच्या शेजारून आत जात होते, आयाबापे, पोरं, हातांत घरून भरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या. मला त्यांचा संताप आला. संपवाले त्यांना अडवत नव्हते, शिव्या देत नव्हते, उलट हसून पत्रकं देत होते. मला वाटलं, या देशात संपसुद्धा किती सभ्य.

"अगं, पण आज..." काका म्हणाले.

"मला माहितीय आज काय आहे."

"मी एकटा जातो. गेटवरचा माणूस नेईल सीटपर्यंत. तू थांब यांच्याबरोबर. वही मी घेतो, नंतर तुला सांगतो, तू लिही."

आणि मी म्हणाले, "जा ना. मी कुठं अडवतेय? ज्या बाईनं एवढी वर्षं तुमच्या हातात शेंगदाणे दिले तिच्या अंगावरून चालत जा."

काकांनी वही एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली. मग गेटकडे पाठ करून उभे राहिले.

ती शेंगदाणेवाली बाई तेव्हाच आमच्याकडे येत होती. वहीमुळे ती काकांना प्रोफेसर म्हणायची. "प्रोफेसर, आज तर शेवटची मॅच! बाहेर काय करताय?"

काका बोलायच्या आत मी उत्तर दिलं. "आम्ही तुम्हाला सोडून आत जाणार नाही."

ती हसली. माझ्या दंडावर हात ठेवला. "ते छानच आहे गं बाळा, पण ऐक..."

"पण काही नाही," मी म्हणाले. "माझ्या वडिलांनी आयुष्यभर हेच केलंय."

ती काही बोलणार होती. तेवढ्यात दुसऱ्या गेटवरून तिला कुणीतरी हाक मारली, आणि ती गेली. थोड्या वेळानं एक माणूस काकांसाठी घडीची खुर्ची ठेवून गेला.

तीन तास आम्ही त्या फुटपाथवर होतो. मी एक फलक मागून घेतला आणि गोल फिरले. काका खुर्चीवर, स्टेडियमच्या भिंतीकडे तोंड करून. त्यांनी वहीत माझ्याकडून तारीख लिहून घेतली, दोन्ही टीम लिहून घेतल्या, आणि पुढं काही नाही. मी फोनवर रेडिओ लावू का विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आतून टाळ्या यायच्या, हसू यायचं, मधेच स्टेडियमच्या ऑर्गनचे सूर. शेवटाकडे एक आवाज आला, तो मी विसरणार नाही. लोक उभे राहिल्याचा आवाज. बाकांवरून एकदम उठले की पत्र्याचं छप्पर घुमायचं, ते आम्हाला ठाऊक होतं. पण तो थांबेचना. एक मिनिट, दोन मिनिटं. काका खुर्चीवरून उठले आणि तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"आपला माणूस असणार," ते म्हणाले.

मी फोन काढला. "बघू का काय झालं?"

"नको."

परत येताना कारखान्याची रिकामी पार्किंगं मागे पडली तेव्हा ते म्हणाले, "बरं केलंस. काकू असती तर तीही नसती गेली आत. तिला असलं कळायचं."

मी खूश झाले. ते वाक्य मी आठवडाभर मनात घोळवलं. वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, शाब्बास.

सीझन संपला, स्टॉल बंद झाले, संप करायला जागाच उरली नाही. पुढं काय झालं ते कोणी छापलं नाही. ऑक्टोबरात काकांचा चहाचा कप टेबलाच्या कडेवरून पडायला लागला. मग ते भिंतीला हात लावून चालायला लागले. हॅलोविनच्या दिवशी दारात पोरं सोंगं घेऊन आली तर त्यांनी मला विचारलं, कशाकशाचे कपडे घातलेत सांग. मी सांगत गेले आणि ते प्रत्येकाला "वा, वा" म्हणत गेले.

नोव्हेंबरात आम्ही घर आवरायला घेतलं. प्लेनोहून मुलगा पुढच्या आठवड्यात येणार होता. पद्धत अशी ठरली: काका सोफ्यावर बसायचे, मी एकेक कागद वाचायचा, ते म्हणायचे, ठेव किंवा फेक. वॉरंट्या, फेक. काकूंच्या हॉस्पिटलचे रिपोर्ट, एकदा हातात घेऊन चाचपले, मग फेक. संध्याकाळी पाचलाच बाहेर अंधारून यायला लागलं होतं. मी वह्यांचा गठ्ठा खोक्यात भरायला घेतला आणि शेवटच्या वहीतून ते पत्रक खाली पडलं. पालथं पडलं.

मागेही छापलेलं होतं.

टीमच्या चाहत्यांना विनंती, असा मथळा. आमचं भांडण खेळाडूंशी नाही आणि तुमच्याशी तर नाहीच. कृपया आत जा. मॅच पाहा. आमच्यासाठीही ओरडा. फक्त आतून काही विकत घेऊ नका. पाणी घरून आणा. आत प्रत्येक सीटवर माणूस आणि प्रत्येक स्टॉल रिकामा, हे कंत्राटदाराला दिसू द्या.

मी ते तीनदा वाचलं. बाटल्या घेऊन आत गेलेली सगळी माणसं मला आठवली. त्या बाईचा दंडावरचा हात आठवला. म्हणजे संपाला साथ दिली होती ती त्यांनी. आमच्या दोन सीटवर कुणीच नव्हतं.

मला वाटलं, हा कागद खिशात घालावा. हे मी लिहून ठेवते, कारण मला तसं वाटलं होतं आणि बराच वेळ वाटत राहिलं होतं. काकांना कधीच कळलं नसतं. त्या घरात वाचणारी एकटी मीच होते.

"काय गं? काय सापडलं?"

"काका, त्या दिवशीचं पत्रक."

"मग वाच."

मी वाचलं. दोन्ही बाजू. मागची बाजू मी घाईघाईनं वाचली, तर ते म्हणाले, "सावकाश. परत वाच." मी परत वाचलं.

"हे मागे होतं?"

"हो."

"तू उलटलं नव्हतंस."

"नाही."

मी बोलायला लागले. की आमच्याकडे पत्रकं एका बाजूला छापायचे, की मला वाटलं, की मी... त्यांनी हात वर केला आणि मी थांबले. रागावले असते तर मला कुठेतरी उभं राहता आलं असतं. हीटर सुरू झाला, बंद झाला.

"तो आवाज कशाचा होता?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. त्या रात्रीच मी फोनवर बातमी वाचली होती आणि गप्प राहिले होते. "आपला माणूस शेवटचा बॅटिंगला आला, काका. बाद झाला. तीन स्ट्राइक. त्यानं हेल्मेट काढलं आणि सगळे उभे राहिले. दोन्ही टीम बाहेर आल्या."

"के," ते म्हणाले. त्यांचं बोट हवेत चौकट शोधल्यासारखं हललं. "सरळ की उलटा?"

मी पत्रकाकडे पाहिलं.

"बॅट फिरवली की नुसता उभा राहिला?"

"बातमीत नव्हतं, काका. शोधू का? सापडेल."

"नको." मग म्हणाले, "बघायला हवं होतं."

मला कुणी सांगतं की तत्त्व चुकलं नव्हतं, घाई चुकली. असेल. मी अजूनही संपाची रेषा ओलांडणार नाही, आणि कुणी ओलांडली तर त्याच्याशी बोलणारही नाही. पण एका माणसाला आयुष्यात शेवटचं काय पाहायचं होतं ते त्यानं मला सांगितलं होतं, ते त्याच्यापासून बारा पावलांवर होतं, आणि त्याच्या वतीनं वाचायचं काम माझं होतं. मला जे माहीत होतं तेच मी त्याला वाचून दाखवलं. कागद हातात होता तरी.

"हे काय करू?" मी पत्रक धरून विचारलं.

"ठेव. वहीतच ठेव, त्याच पानात." थोड्या वेळानं: "वह्या प्लेनोला नको. तू ठेव."

मी नको म्हणाले. ते म्हणाले, "तिथं वाचणार कोण?"

मग आम्ही पुढचं आवरायला घेतलं, कारण अजून दोन खण बाकी होते. मी वरचा कागद उचलला. गॅस कंपनीचं जुनं पत्र. मी तारीख वाचली, मजकूर वाचला, खालची सही वाचली, आणि ठेव की फेक याची वाट पाहत थांबले.

काका माझ्या कानाकडे बघत होते. आता तिथंही त्यांना काही दिसत नव्हतं, पण सवय होती.

"मागे काही आहे का गं?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी कागद उलटला.

"नाही, काका. कोरं आहे."

"फेक मग," ते म्हणाले.